चंद्रहासरावांचं जॅकेट: निवड, चाचणी व शिफारस

मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात माणसाने थंडीशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे. अग्नी, वस्त्र आणि निवारा हे तिन्ही शोध थंडीनेच माणसाकडून लावून घेतले. हा विचार प्रथम मांडला गेला तो ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबमध्ये, जुलै महिन्यात, भर दुपारी. बाहेर पारा शेहेचाळीसवर होता आणि मांडणारे सद्‌गृहस्थ बनियनवर, पाय बादलीत सोडून बसले होते.

याच थोर विचारातून 'शीतवस्त्र निवड समिती, सीब' जन्माला आली. तिच्या कार्याची ओळख पुढच्या पिढ्यांना असावी, म्हणून हा वृत्तान्त.

बादलीत पाय सोडून बसलेले गृहस्थ म्हणजे चंद्रहासराव. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका बांधकाम कंपनीत नोकरीला, स्वभावाने सरळ, हट्टाने पुणेकर. त्यांची एकुलती एक मुलगी देविका मस्कतला जन्मली, मस्कतला शिकली आणि लग्न होऊन कॅनडात, विनिपेगजवळ, नांदायला गेली. लग्न पुण्यात झालं. त्या लग्नात मुलाचे वडील वॉल्टर, सहा फुटांच्या वर उंची, डोक्यावर फेटा, पाटावर मांडी घालून सगळे विधी संपेपर्यंत बसून राहिले. हूं नाही की चूं नाही. (नंतर त्यांना उठवायला दोन माणसं लागली, पण ती बाब मुहूर्तानंतरची असल्याने हिशेबात धरलेली नाही.)

याच वॉल्टरनी आता व्याह्यांना आमंत्रण दिलं होतं. फेब्रुवारीत या, गोठलेल्या तळ्यावर जाऊ, बर्फाला भोक पाडू, त्यात गळ सोडू आणि मासे धरू. चंद्रहासराव मासे खात नाहीत. (ही बाब चौथ्या बैठकीत उघड झाली. तोवर समिती फार पुढे गेली होती.)

देविकाने फोनवर प्रकरण समजावून दिलं.

"बाबा, वॉल्टर कोणालापण नेत नाहीत. ज्यांना ते आपली फॅमिली मानतात ना, फक्त त्यांनाच. मला अजून नेलं नाहीये. लग्नाला दोन वर्षं झाली."

"मग मी तिथे काय करायचं?"

"काही नाही. बसायचं. मध्येच उठून 'थंडी वाजते, घरी चला' असं नाही म्हणायचं. प्लीज, बाबा. माझ्यासाठी."

फोन ठेवून चंद्रहासरावांनी पाय बादलीतून बाहेर काढले. मुलीचं सासरच्या घरातलं स्थान बापाच्या कुडकुडण्यावर येऊन ठेपलं होतं. पूर्वी हुंड्यापांड्याचे प्रश्न असत. त्यांत निदान बापाने स्वेटर घालून विचार करायची सोय होती.

इथे कोणी म्हणेल, देविकाकडे जॅकेटं नाहीत का? आहेत. सात आहेत. तिने तसं सांगितलंही: "जॅकेटचा टेन्शन नका घेऊ." पण चंद्रहासराव ठाम होते.

"आपल्याकडची जुनी माणसं मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नसत. आणि मी त्यांचं जॅकेट घालू?"

"तिथे महिनाभर पाणी पिणार नाही का तुम्ही?" त्यांच्या पत्नी शैलावहिनींनी विचारलं.

"पाणी पोटात जातं. दिसत नाही."

हे तत्त्व मान्य झालं. म्हणून समिती नेमण्यात आली.

समितीत इमारतीतले, सुट्टीत भारतात न गेलेले सगळे घेण्यात आले. म्हणजे दयानंद, प्रेमाकाकू, मी, आणि चहा करावा लागतो म्हणून शैलावहिनी. सभासदांचा थंडीचा एकत्रित अनुभव पुढीलप्रमाणे: महाबळेश्वर, दोन वेळा, माथेरान, एकदा (शाल नेली होती, लागली नाही), आणि प्रेमाकाकूंचा एमआरआय. याखेरीज दयानंद मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला असल्याने तज्ज्ञ सदस्य म्हणून त्याला एकमताने मान देण्यात आला. तो हिशेब विभागात आहे, त्या खोलीचा एसी बंद आहे आणि शीतगृहाचं दार त्याने आतून कधी पाहिलेलं नाही, हे नंतर कळलं. पण एकदा दिलेला मान परत घेण्याची तरतूद नव्हती.

कुरुमच्या एका दुकानात हिवाळी माल सेलमध्ये लागला होता. दुकानदार हुसैनमियाँ यांनी तीन जॅकेटं घरी नेऊन बघायला दिली. "ले जाओ साब," ते म्हणाले, "जुलाई में कौन माँगने आएगा?" समितीने त्यांवर नोंदवलेले अभिप्राय असे.

नारंगी जॅकेट. गुण: माणूस बर्फात हरवल्यास लांबून दिसेल. आक्षेप (शैलावहिनी): गॅसचं सिलिंडर आणून देणारा वाटतो, व्याह्यांनी मागच्या दाराने घेतलं तर?

काळं जॅकेट, गुडघ्यापर्यंत लांब, टोपीला केस. गुण: भारदस्त. आक्षेप (प्रेमाकाकू): कॅनडात अस्वलं असतात. उगाच कोणाचा गैरसमज कशाला?

निळं जॅकेट, खिसे चौदा. गुण (दयानंद): एका खिशात चकली, एकात लसणाची चटणी, एकात मेतकूट, आणि तरीही अकरा खिसे संकटकाळासाठी राखीव. आक्षेप नाही.

"अहो, पण देविकालाच विचारा ना," शैलावहिनी म्हणाल्या, "तिथली माणसं काय घालतात ते."

सदर सूचनेची नोंद घेण्यात आली. तिथल्या माणसांना थंडीची सवय असल्याने त्यांचं मत ग्राह्य धरता येत नाही, असं ठरलं.

आता प्रश्न चाचणीचा. सीबमध्ये जुलैत थंडी मोजायची कशी? दयानंदने तर्क मांडला आणि तो इतका सरळ होता की कोणालाच त्यात खोट काढता आली नाही. जे कापड बाहेरची थंडी आत येऊ देत नाही, ते आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे ज्या जॅकेटमध्ये माणूस उन्हात सर्वांत लवकर कासावीस होईल, ते बर्फात सर्वांत उत्तम.

त्यानुसार शुक्रवारी दुपारी, नमाजनंतर, इमारतीच्या पार्किंगमध्ये चंद्रहासरावांना उभं करण्यात आलं. नारंगी जॅकेटमध्ये त्यांनी थोड्याच वेळात पाणी मागितलं. काळ्यामध्ये ते पाणी मागायचं विसरले. निळ्यामध्ये त्यांनी प्रेमाकाकूंना, आपण कोण, असं आदराने विचारलं.

निळं जॅकेट मंजूर झालं.

शैलावहिनींनी त्यांना लिंबू-सरबत पाजलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि समितीच्या चौघांकडे (स्वतःला धरून) अशा नजरेने पाहिलं की दुसरी चाचणी घरापासून लांब घ्यावी, असा ठराव तिथेच झाला.

दुसरी चाचणी शीतगृहात. तज्ज्ञ सदस्याने आयुष्यात प्रथमच तिथे जायची परवानगी काढली. सुरमईच्या गोठलेल्या खोक्यांमध्ये एक रिकामा क्रेट उलटा ठेवून चंद्रहासरावांना बसवलं, पुढे बादली ठेवली, हातात झाडूची काठी दिली आणि काठीला सुतळी बांधून ती बादलीत सोडली. सराव शक्यतो प्रत्यक्षाबरहुकूम असावा. मी दाराच्या काचेतून निरीक्षण करत होतो. दयानंद हाफ शर्टात आत गेला होता आणि त्याचे दात मला काचेपलीकडून ऐकू येत होते.

इतक्यात शीतगृहाचा प्रमुख रशीद आला. अंगात शुभ्र पायघोळ डिशडाशा, डोक्यावर मसरचा फेटा, हातात हजेरीची फाइल. तो आत गेला आणि त्याने चंद्रहासरावांपुढच्या बादलीत वाकून पाहिलं.

"ये कौन है? क्या करता है?"

"म्-मछली पकड़ने का प्रैक्टिस," दयानंद म्हणाला.

रशीदने भोवतीच्या खोक्यांवर नजर फिरवली. मग चंद्रहासरावांच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाला, "चाचा, इधर का मछली सब पकड़ा हुआ है. खलास. यल्ला, बाहर आओ, कहवा पियो."

कहवा आणि खजूर घेता घेता त्याने सगळी हकिगत ऐकली. हसला नाही. मुलीच्या सासऱ्याचा मान हा विषय त्याला लगेच कळला. त्याला तीन मुली होत्या. "नहीं उठना," तो म्हणाला. "कुछ भी हो, बैठना. इन्शाल्ला, सब ठीक."

चाचणीचा निष्कर्ष: जॅकेट उत्कृष्ट. हाताची बोटं निळी पडली, परंतु बोटं समितीच्या कार्यकक्षेत येत नाहीत.

फेब्रुवारीत चंद्रहासराव गेले. विमानात जॅकेटला वेगळी सीट लागली नाही, पण शेजाऱ्याला तसं वाटलं नाही. आम्ही इकडे फोन हातात धरून बसलो होतो. शनिवारी संध्याकाळी (तिकडे सकाळ) देविकाचा पहिला निरोप आला: उणे अठ्ठावीस, निघाले. मग तासन्‌तास काही नाही. शैलावहिनींनी देवापाशी दिवा लावला. दयानंद घटकाभर बोलला नाही, हा समितीच्या कारकिर्दीतला विक्रम होय.

पहाटे देविकाचाच फोन आला. तळ्यावर काय झालं ते तिला बरोबर गेलेल्या नवऱ्याकडून कळलं होतं. वॉल्टरनी गाडी सरळ गोठलेल्या तळ्यावर घातली (इथे प्रेमाकाकूंनी डोळे मिटले), आणि मध्यावर एका लाकडी खोपटापाशी थांबवली. मासे धरायचे ते या खोपटात बसून. बर्फातलं भोक आतच. आत लोखंडी शेगडी लाल झालेली. वॉल्टरनी आत शिरताच कोट काढला, मग स्वेटर काढला, मग शर्ट काढला आणि बनियनवर गळ टाकून बसले.

चंद्रहासरावांनी काहीच काढलं नाही.

पाटावर त्या माणसाने मांडी मोडली नव्हती. इथे चेनला हात लावणं म्हणजे तक्रार केल्यासारखंच होतं. निळं जॅकेट, आत शैलावहिनींनी विणलेला स्वेटर, आत थर्मलचे दोन जोड, टोपी कानांवर. आणि चंद्रहासराव भोकाकडे एकटक बघत बसले. वॉल्टरनी दोनदा दार उघडून बाहेर श्वास घेतला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, आपण आता निघू या, मला सोसत नाही. जावयाच्या सांगण्यानुसार, वडिलांच्या तोंडून असे शब्द त्याने जन्मात ऐकले नव्हते.

"आणि आई, घरी येऊन वॉल्टर फक्त एवढंच म्हणाले की युअर फादर इज अ हार्ड मॅन." देविका म्हणाली. "आणि मला म्हणाले, नेक्स्ट सॅटर्डे तू पण चल."

शैलावहिनींनी फोन दयानंदच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. दयानंदने विचारलं, मासा मिळाला का, आणि चवीला सुरमईसारखा होता का. मिळाला होता. चंद्रहासरावांनी तो वॉल्टरना दिला आणि खिशातली चकली खाल्ली.

आता वॉल्टर या जुलैत मस्कतला येत आहेत. चंद्रहासरावांकडे सुती सदरे ढिगाने आहेत, पण व्याह्यांचं वापरणार नाही, आपलेच आणीन, असा वॉल्टरांचा निरोप आला. त्यांच्या गावात म्हणे चार मित्र जमले आहेत. रोज एक शर्ट घालून, गाडीच्या काचा बंद करून, हीटर पूर्ण सोडून वॉल्टरना आत बसवतात. ज्या शर्टात ते शुद्धीवर राहतील, तो शर्ट घ्यायचा. हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. एवढी शिकलीसवरलेली माणसं! आम्हाला एक फोन करून विचारता येत नाही?

तुम्हीही हसला असाल. पण खरं सांगा: वाचता वाचता, "सीबला कशाला, जबल शम्सच्या थंड डोंगरावर न्यायचं होतं", "काळंच घ्यायला हवं होतं", "आधी हातमोजे बघायचे", असं काहीतरी तुमच्या मनात आलंच ना? तुम्ही तळं पाहिलेलं नाही, बर्फावर बसलेला नाहीत, चंद्रहासरावांना ओळखत नाही. तरी आलं. अभिनंदन. समितीत येण्यासाठी याहून जास्त पात्रता कोणाकडेच नाही.

वॉल्टरनी मस्कतमध्ये काय घालावं, यावर येत्या शुक्रवारी सकाळी बैठक आहे. अवश्य यावं. फक्त येताना आपली खुर्ची घेऊन या. शैलावहिनींकडे चारच आहेत, आणि त्यांतल्या एकीवर जॅकेट बसलेलं असतं.