चिमणाऊसाहेब व हैबतराव यांचे काडीमोडीची हकीकत

श्री. जोडणारा तोच आणि सोडविणारा तोच. त्याचे पायीं मस्तक ठेवून, राज्याचें नांव न घेतां, घडलें वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके सोळाशें सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सर. नांव मन्मथाचें आणि दरबारीं गोष्ट काडीमोडीची, हाही देवाचा विनोद.

ते समयीं हैबतराव राजे आणि राणी चिमणाऊसाहेब नांदत होतीं. राजे शूर, उदार, जेवणाखाणाचे शौकी. परंतु बुद्धिबळाचे पटावर हमेशा हरत, आणि हरले म्हणजे दुसरे दिवशीं माध्यान्हपर्यंत कोणासी बोलत नसत. बाईसाहेब बापाशेजारीं बसून खेळ शिकलेल्या, त्यांचा हात धरील ऐसा राज्यांत कोणी नव्हता. मग घरांत शांतता असावी म्हणून त्या जाणून हरूं लागल्या, आणि राजे खुशीत येऊन हत्तीवरून साखर वांटूं लागले. पुढें एके दिवशीं बाईसाहेबांनीं वजीर उचलला आणि तो कोठें ठेवावा हेंच सुचेना. सोंग करितां करितां खेळ हातचा चालला ऐसें कळोन, आणि येथें राहिलों तर आपलें आपल्यापाशीं कांहीं उरणार नाहीं ऐसें जाणून त्या न्यायाधीश निळोशास्त्री यांजकडे गेल्या.

राजेही आले, आणि मागून राजांच्या मातुश्रीही आल्या. मातुश्रींचें मत ऐसें कीं लग्नच रद्दबातल करावें, म्हणजे राजे पुन्हा कोरे करकरीत नवरदेव होतील. शास्त्री पानाला चुना लावीत बोलिले कीं लग्न मुळांतच नासकें असेल, पहिलें कुटुंब हयात असतां केलें, कीं जबरीनें केलें, कीं फसवून केलें, तरच रद्द होतें. येथें फसवणूक कोणती? राजे म्हणाले, मुलगी गरीब गाय म्हणून दाखविली आणि बुद्धिबळ येतें हें लपविलें. कधीं उमगलें? तर चवथे दिवशीं, अंगाची हळद निघाली नव्हती. मग काय केलें? तर पुन्हा पट मांडिला. किती दिवस? राजे मान खालीं घालून म्हणाले, सात वर्षें. सभा फिदीफिदी हांसली. शास्त्री म्हणाले, ही मुळीं फसवणूक नव्हे, आणि असती तरी उमगल्यावर जो सुखानें नांदला त्यास तक्रार उरत नाहीं. तों चिकाचे पडद्याआडून बाईसाहेब बोलल्या, “आम्हांस जावयाचें आहे. परंतु आम्ही आलोंच नव्हतों ऐसें कोणी लिहूं नये.”

मग शास्त्रींनीं दुसरा मार्ग सांगितला कीं वेगळें राहावें, गांठ कायम, एका छताखालीं नांदण्याची सक्ती नाहीं, दुसरें लग्न मात्र कोणासही करतां येणार नाहीं, आणि मन वळलें तर दार उघडें. त्याप्रमाणें राजे थोरले महालीं आणि बाईसाहेब टेकडीवरील वाडीस राहिल्या, आणि दोन्हीकडील आमटी चाखून आचारी मात्र फुगला. बाईसाहेब येणाऱ्याजाणाऱ्यासी खेळून सर्वांस धूळ चारूं लागल्या, आणि त्यांचें हंसणें परत आलें. राजे सकाळपासोन बोलूं लागले तें लोक कंटाळेपर्यंत. वर्ष सरलें, आणि दोघांसही कळलें कीं आपण दूर असतों तेव्हां बरे असतों.

तेव्हां दोघांचे राजीखुषीनें काडीमोड ठरली, पोटगी आणि स्त्रीधन यांचा निवाडा जाहला. शास्त्रींनीं आणीक सहा महिने विचारास दिले, तरी दोघे त्याच मनानें आले. मुद्रा उमटण्याआधीं बाईसाहेबांनीं सोंगाचें सारें सांगून टाकिलें. राजे म्हणाले, “म्हणजे आम्ही खरोखर कधींच जिंकलों नाहीं?”

बाईसाहेब म्हणाल्या, “एकदां जिंकलांत. बाबा गेले त्या सालीं. आमचें ध्यान नव्हतें. आपण मात केलीत, आणि मग पट मोडून आमचेपाशीं बसून राहिलांत. साखर वांटली नाहीं. तें आम्हांस फार बरें वाटलें.”

राजांचे डोळे भरले, आणि त्यांनीं आपले हातें मुद्रा पुढें सारली.

तात्पर्य, रद्दबातल म्हणजे कधीं जाहलेंच नाहीं, वेगळें राहणें म्हणजे अद्याप आहे, आणि काडीमोड म्हणजे जाहलें होतें. चिमणाऊसाहेबांचें जाहलें होतें. लेखनसीमा.