पाटणकरकाका उमेदवार तपासतात

मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला पाटणकरकाका आधी बूट काढायला लावतात. न्यूझीलंडमध्ये हे कुणाला खटकत नाही, इथे बऱ्याच घरांत बूट बाहेरच काढतात. खटकतं ते पुढचं. उमेदवार वाकून बूट काढू लागला की काका दोन पावलं मागे सरकतात, हात पाठीमागे बांधतात आणि डोकं जरासं तिरकं करून बघत उभे राहतात. कुणी फीत नीट सोडून बूट जोडीनं भिंतीशी लावतो. कुणी फीत न सोडता एका पायाच्या टाचेनं दुसरा बूट ओरबाडून काढतो. या दुसऱ्या जातीच्या उमेदवाराला काका हसून आत घेतात, पण आत घेता घेता पुटपुटतात, "रिवर्क."

काका चिंचवडच्या एका कारखान्यात गिअर तपासायचे. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात चूक शोधणं हीच नोकरी. उभा जन्म त्यात गेला. रिटायर झाले, पुढे काकू गेल्या, मग मुलगा मंदार त्यांना इकडे ख्राइस्टचर्चला, हॉर्नबी उपनगरात घेऊन आला. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. त्यांच्या लेखी या जगातली प्रत्येक गोष्ट पास असते, दुरुस्त करून आणायची म्हणून रिवर्क असते किंवा भंगारात टाकायची म्हणून स्क्रॅप असते. सुपरमार्केटमधले टोमॅटो, मराठी मंडळाची गणपतीची आरास, हवामानाचा अंदाज, माझं ड्रायव्हिंग, सगळं यात बसतं. मी त्यांचा शेजारी. ओळख झाली त्या दिवशी त्यांनी नमस्कार करायच्या आधी माझ्या कुंपणाकडे बोट दाखवलं. "एक फळी अंगठ्याभर वर आहे." इतकी वर्षं मला ती दिसली नव्हती. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसत नाही.

इथे रेसिडेंट झालं की नागरिक नसलं तरी मत देता येतं. हे कळलं तेव्हा काकांना भरूनच आलं. "अरे समीर, आपण कोण, कुठले! आणि हे लोक आपल्याला विचारतात, राज्य कुणी करावं ते. आता नीट तपासून नको का द्यायला?"

बुटांनंतर चहा. आलं घातलेला, भरपूर साखरेचा, जीभ पोळेल असा कपभर चहा काका स्वतः करतात आणि समोर बसून उमेदवाराच्या तोंडाकडे बघतात. एक गृहस्थ ओठ भाजून घेत "लव्हली, लव्हली" करत राहिले आणि निघताना कप जवळजवळ भरलेलाच होता. ते गेटबाहेर पडताच काका म्हणाले, "स्क्रॅप. चहाच्या बाबतीत खोटं बोलतो, हॉस्पिटलच्या बाबतीत काय करील?" त्याच आठवड्यात एक बाई आल्या. एक घोट घेऊन त्यांनी कप सरळ खाली ठेवला. "सॉरी मेट, वे टू स्वीट फॉर मी." काका खूश! बाईंना त्यांनी बिनसाखरेचा दुसरा कप करून दिला आणि दोन चकल्याही दिल्या. बाईंच्या पक्षाची धोरणं त्यांना मुळीच पटत नव्हती, पण बाई पास.

शेवटचा प्रश्न कचऱ्याचा. आमच्याकडे कचऱ्याचे तीन डबे असतात, लाल, पिवळा आणि हिरवा. काका दुधाच्या बाटलीचं झाकण उमेदवाराच्या हातात ठेवतात आणि विचारतात, "विच बिन?" बाटली पिवळ्यात जाते, झाकण मात्र लाल डब्यात, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देश चालवायला निघालेल्या भल्याभल्यांचा हात तिथे हवेत थांबलेला मी पाहिलाय. पुढे पुढे प्रचाराची मंडळी आमच्या गल्लीत आली की काकांच्या दारावरून जरा घाईनं जायची. मग काका फाटकाशी येऊन त्यांना हाक मारायचे.

पण माणूस दुष्ट नाही हो. एकदा वाऱ्यानं समोरच्या कुंपणावरचा एका उमेदवाराचा भला मोठा बोर्ड कलंडला. काका स्पिरिट लेव्हल घेऊन गेले आणि वाऱ्यात तासभर खपून त्यांनी तो सरळ केला. उमेदवार कोण? तर तेच लव्हलीवाले. मी विचारलं तर म्हणाले, "मत नाही देणार. पण वाकडा उभा राहू देणार नाही."

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे केतकी.

केतकी ही मंदारची बायको, काकांची सून. नाशिकची. शिकायला इथे आली, आता बस डेपोत वेळापत्रकं आखते. शाळेसमोर रस्ता ओलांडायची नीट सोय व्हावी म्हणून तिनं इतक्या सभा घेतल्या, इतक्या लोकांना फोन केले, की शेवटी पक्षातली माणसंच तिला म्हणाली, तू खासदारकीला उभी राहा. पक्ष कुठला ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. खरी निवडणूक पुढची गोष्ट. आधी आपल्या भागातल्या पक्षाच्या सभासदांपुढे भाषण करायचं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि त्यांच्या मतांवर उमेदवारी मिळवायची. तिच्याखेरीज आणखी दोघे इच्छुक होते. एक वकील आणि एक शेतीची मोठी यंत्रं भाड्यानं चालवणारी बाई. काका पक्षाचे सभासद होतेच. मीही होतो, कारण काकांनी मला केलं होतं.

उमेदवारी मिळाली आणि ती निवडून आली, तर मंगळवार ते गुरुवार केतकी वेलिंग्टनला पार्लमेंटात असणार. मंदारचं काम पश्चिम किनाऱ्यावर, तो शुक्रवारी घरी येतो. म्हणजे मधले दिवस घरात काका एकटे. हे मला कळत होतं, केतकीला कळत होतं. काका मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. उलट रोज संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात उभं करून भाषणाची तालीम घेत होते. मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं.

"हे वाक्य स्क्रॅप. 'आय ॲम पॅशनेट अबाउट' म्हणे! सगळेच असतात."

"बाबा, इथे असंच बोलतात."

"मग तू वेगळं बोल. बस कधी येते ते सांग. तुला ते कळतं, बाकीच्यांना कळत नाही."

"आणि मी कुकर कधी लावू ते पण सांगा."

"कुकर मी लावलाय. तू पहिल्यापासून म्हण."

सभेच्या आदल्या दिवशी केतकी आमच्याकडे आली. पोरगी कुणाला घाबरणारी नाही, पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता. "समीरदादा, एक काम कराल? उद्या बाबांच्या शेजारी बसा. ते प्रश्न विचारणार. त्या दोघांना विचारू देत, पण माझ्या वेळी त्यांनी हात वर केला ना, तर तुम्ही तो खाली धरून ठेवा. प्लीज. ते मला सगळ्यांसमोर रिवर्क म्हणतील आणि मग मी तिथेच रडीन."

मी कबूल केलं. आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव राजकीय जबाबदारी.

शनिवारी दुपारी हॉल भरला होता; मंदार मात्र त्या आठवड्यात कामावरच अडकला होता. गरम नॉर-वेस्टर वारा सुटला होता, दारं धडाधड आपटत होती. मागच्या टेबलावर सभासदांनी घरून आणलेले सॉसेज रोल, लॅमिंग्टन केक आणि काकांच्या चकल्या. अध्यक्षबाईंनी "किया ओरा कोउतोउ" असा सगळ्यांना माओरीत नमस्कार करून सुरुवात केली. वकिलाचं भाषण गुळगुळीत झालं. काकांनी उठून त्याला कचऱ्याच्या डब्यांचं विचारलं, हॉल हसला आणि वकिलानं चक्क बरोबर उत्तर दिलं. "पास," काका बसता बसता नाखुशीनं म्हणाले. यंत्रवाल्या बाई कमी बोलल्या, पण मनापासून बोलल्या. मग केतकी उभी राहिली. मी काकांचं मनगट धरलं.

ती बसबद्दलच बोलली. पहाटेच्या पाळीला जाणारी सफाई कामगार बाई कुठल्या थांब्यावर उभी असते, तिची बस का चुकते आणि चुकली तर तिचा दिवस कसा जातो, एवढंच. मी काकांकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर खिळली होती आणि ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते.

प्रश्न सुरू झाले. पुढच्या रांगेतल्या एका प्रेमळ दिसणाऱ्या आजींनी विचारलं, "डिअर, तुझ्या घरी वयस्कर सासरे आहेत ना? तू आठवड्यातले इतके दिवस वेलिंग्टनला गेलीस तर त्यांचं कसं होणार?"

तालमीत नव्हता तो एकच प्रश्न. केतकी काही बोलायच्या आत माझ्या हातातलं मनगट सुटलं. काका उभे होते.

"मॅडम चेअर! धिस क्वेश्चन इज नॉट अलाउड!"

मी त्यांचा शर्ट ओढला. व्यर्थ.

"यू डिड नॉट आस्क द लॉयर. यू डिड नॉट आस्क द ट्रॅक्टर लेडी. त्यांच्या घरी म्हातारी माणसं नाहीत? सेम गेज फॉर ऑल पीसेस, प्लीज!" घाईत मध्येच मराठी आली, कारखान्यातलं मापाचं गेज आलं, पण कुणाचं काही अडलं नाही. "अँड आय ॲम द सासरा. आय कुक. आय क्लीन. आय ॲम इन वर्किंग कंडिशन. आय विल बी परफेक्टली फाइन!"

हॉल हसला, मग टाळ्या वाजल्या. आजींनी वळून हात जोडले आणि सॉरी म्हणाल्या. केतकी हसत होती आणि डोळे पुसत होती. काका खाली बसले. मी त्यांचं मनगट पुन्हा धरलं तेव्हा ते गार पडलं होतं.

कागदावर मतं झाली. मोजणी झाली. उमेदवारी यंत्रवाल्या बाईंना मिळाली. केतकी दुसरी, अगदी थोड्या मतांनी. तिनं बाईंना मिठी मारली, छान दोन वाक्यं बोलली आणि खुर्च्या आवरायला मागे थांबली. मी काकांना घेऊन निघालो. मला फार वाईट वाटत होतं. गाडीत विचारलं, "काका, मत कुणाला दिलंत?"

"हा काय प्रश्न झाला? केतकीला. ती सगळ्यांत चांगली होती. सून म्हणून नाही. कुणाचीही असती तरी तिलाच दिलं असतं." मग खिडकीकडे तोंड करून, "देताना दोनदा पेन खाली ठेवलं रे."

आमची गल्ली आली. मी त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. काकांनी बेल्ट सोडला नाही.

"समीर, एक चक्कर मारून आण."

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. तोच तर घोटाळा आहे." त्यांनी समोरचा आरसा खाली ओढून स्वतःकडे पाहिलं. "बघ ना. किती प्रयत्न केला, तोंड पडतच नाही. ती पोर हरलीय, आता घरी येईल आणि मी हा असा बसलेला. काय वाटेल तिला?"

मी पाहिलं. काकांचा चेहरा खरोखरच उजळला होता. इतके दिवस जो माणूस ताठ मानेनं तिची तालीम घेत होता, त्याच्या खांद्यांवरून कुणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं दिसत होतं.

"मी तिथे खोटं बोललो," ते म्हणाले. "परफेक्टली फाइन म्हणे! मला नसतं जमलं रे. स्वयंपाक जमतो, सगळं जमतं. पण संध्याकाळी कुणी येणारच नाही, हे माहीत असलेल्या घरात बसायचं... ही गेल्यावर वर्षभर बसलो होतो मी तसा. पुन्हा नसतं जमलं."

मी गाडी चालू केली. शाळेवरून गेलो, दुकानांवरून गेलो, पुन्हा शाळेवरून आलो. काका आरशात बघून ओठांचे कोपरे खाली ओढायचे, ते परत वर यायचे. एकदा तर आम्हा दोघांनाही हसू फुटलं आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसून हसून मलाच हलकं वाटायला लागलं होतं.

परतलो तर केतकी आमच्या आधी पोचली होती. दारातच उभी होती. "कुठे होतात? मी घाबरले ना!"

काका गाडीतून उतरले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि एकदम रडायलाच लागले. अगदी हुंदके देऊन. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, अहो बाबा, असं काय? एवढं मनाला लावून घेऊ नका. मी ठीक आहे. खरंच. जाऊ दे ना, मी इथेच आहे."

"हो, हो," काका म्हणाले आणि रडत राहिले. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, किती मनाला लावून घेतलं बघा, अशी. मीही मान हलवली आणि माझ्या घरी गेलो.