दिवसा ऐकलेली गोष्ट

भाचीच्या लग्नाला जाताना जीपमध्ये ऐकायला एखादी गोष्टींची कॅसेट घ्यावी, एवढंच सुकदेवच्या मनात आलं होतं. पण सुकदेव दीपनगरच्या वीज केंद्रात स्टोअरला होता. आलेला माल तपासायचा आणि जमेल तेवढा परत पाठवायचा, यात त्याची अर्धी हयात गेलेली. घरी आलेली भेंडीसुद्धा तो उजेडात धरून बघे. (कुंदाबाई म्हणत, "मला बघायला आलात तेव्हा तुम्हाला नोकरी नव्हती, तेच बरं झालं.") असा माणूस कॅसेट घ्यायला जळगावला गेला, म्हणजे दुकानदाराचे ग्रह फिरले असंच म्हणायचं.

दुकानदार रतिलाल भला माणूस. त्यानं पहिली कॅसेट लावली. सुकदेवनं डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली.

"हा मध्येच नाक ओढतो."

दुसरीत तबला इतका जोरात होता की राजा काय बोलला ते फक्त तबलजीला कळावं. तिसरीतली बाई राक्षस आणि राणी दोघांनाही एकाच गोड आवाजात बोलायला लावत होती. चौथीत पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"भाऊ, गोष्ट ऐकायचीय की पोरगी द्यायचीय त्याला?" रतिलालनं विचारलं.

शेवटी एक सापडली. राजकन्या आणि आंधळ्या कुंभाराची लांबलचक गोष्ट, चांगली चार कॅसेटींची. आवाज भारदस्त, खरखर नाही, वाद्यं अगदी बेताची. आणि मुख्य म्हणजे सांगणारा थांबायचा. एक वाक्य झालं की किंचित थांबायचा, जणू समोरून कुणी 'हं' म्हणेल याची वाट बघतोय. ते थांबणं ऐकलं आणि सुकदेवला भरून आलं. त्यानं घासाघीस न करता पैसे दिले.

त्याचं कारण होती त्याची माय, पार्वताबाई. ती गोष्टी सांगायची तेव्हा शेजारपाजारचे लोक दिवे मालवून ओट्यावर येऊन बसायचे. पण तिचा एक नेम होता. आमच्या खान्देशात गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'हं' म्हणायचं, नाही तर गोष्ट तिथंच बसते. मायला हुंकार द्यायचे नाना, सुकदेवचे वडील. नाना गेले आणि माय गोष्ट सांगायचीच थांबली. गोष्टच कशाला, बोलणंही जेवढ्यास तेवढं. सुकदेवनं एकदोनदा 'सांग ना' म्हणून आग्रह केला, स्वतः 'हं हं' म्हणत बसला, पण माय म्हणाली, "तू हुंकार देत नही, पावती देस." एक चांगली गोष्ट कानावर पडली तर ती बोलती होईल, अशी त्याला आशा होती. मायचा आवाज पुन्हा ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

लग्न होतं सोनगीरला, सुकदेवच्या धाकट्या बहिणीकडे, ताईबाईकडे. मुहूर्त गोरज. ताईबाईला सुकदेव एकुलता एक भाऊ, त्यामुळे नवरीला बोहल्यावर आणायला मामा तोच. सकाळची कामं उरकून हिलाल ड्रायव्हरच्या जीपमध्ये मंडळी निघाली. पुढे हिलाल आणि मांडीवर टेपरेकॉर्डर घेतलेला सुकदेव, मागे कुंदाबाई, माय आणि आहेराची ट्रंक.

जळगाव सुटलं आणि सुकदेवनं बटण दाबलं.

"काय शे ते?" मागून मायनं विचारलं.

"गोष्ट आहे माय. मुद्दाम तुझ्यासाठी आणली."

"दिवसा? बंद कर भो ते. दिवसा गोष्ट सांगी का मामा वाट चुकस."

सुकदेव हसला. "अगं, ते तोंडानं सांगितलेल्या गोष्टीला. ही मशीनची आहे. आणि माझे मामा तर कधीच वर गेले. आता तिथं कुठली वाट चुकायची?"

मायनं कुंदाबाईकडे बघितलं. कुंदाबाईंनी सुकदेवच्या डोक्यावरच्या नव्या फेट्याकडे बघितलं. पण नवऱ्याला शहाणपण शिकवायचं त्यांनी फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

एरंडोलला चहा झाला. पारोळ्यापर्यंत राजकन्येनं कुंभाराशी पैज लावली होती. हिलाल आधी हॉर्न वाजवून वाजवून वैतागलेला, पण मग हॉर्न वाजवायचंही विसरला. कुंभार आंधळा असून राजकन्येला ओळखणार कसा, हा प्रश्न त्याला इतका छळू लागला की एका बैलगाडीला त्यानं रस्त्याच्या मधोमध जीप उभी करून वाट दिली.

धुळं आलं तेव्हा गोष्ट ऐन रंगात होती. सात राजकन्या ओळीनं उभ्या, सगळ्यांचे कपडे सारखे. कुंभार पुढे होतो, हात लांब करतो. सांगणारा थांबला.

"हं," माय म्हणाली.

सुकदेव जागच्या जागी वळला. मायचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित पुढे आली होती, नाना ऐकायला बसत तशी. तिनं पुन्हा 'हं' म्हटलं. सुकदेवचे डोळे पाण्यानं भरले. त्याला धुळं दिसेना, चौक दिसेना, आग्रा रोडला उजवीकडे वळायचं असतं हेही दिसेना. हिलालला तर आधीपासूनच काही दिसत नव्हतं. जीप सरळ निघून गेली.

बराच वेळ गेल्यावर कुंदाबाई म्हणाल्या, "अहो, ऊन अजून डोळ्यांवरच कसं येतंय?"

"उन्हाळा आहे. येणारच."

मग माय म्हणाली, "सोनगीरना किल्ला का बरं दिखत नही अजून?"

"येईल गं. हं, ऐक."

किल्ला काही येईना. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यापाशी हिलालनं जीप थांबवली.

"आबा, सोनगीर किती लांब?"

"सोनगीर?" म्हाताऱ्यानं सगळ्यांना नीट न्याहाळलं, फेट्याला जरा जास्तच. "हाऊ सुरतना रस्ता शे भाऊ. सोनगीर बठ्ठं मांगे राही गयं. तुम्ही कोन?"

"नवरीचा मामा," सुकदेव म्हणाला. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मगच त्याच्या डोक्यात शिरले.

जीपमध्ये कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. हिलालनं जीप वळवली. सुकदेवनं टेपरेकॉर्डर बंद केला. मांडवाच्या तोंडाशी रडवेली होऊन उभी असलेली ताईबाई त्याला दिसू लागली. बापाच्या मागे भाऊच बाप, आणि तो भाऊ सुरतेला निघाला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

थोड्या वेळानं मागून आवाज आला. "आते लाव ना भो. चुकाना तो मामा चुकी गया. आते कसानं भ्याव?"

"नाही आजी," हिलाल हात जोडून म्हणाला, "तो चौक अजून एकदा यायचाय."

सोनगीरला पोचले तेव्हा गुरं घरी परतली होती. नशीब बलवत्तर म्हणून नवरदेवाची मिरवणूक अजून मारुतीच्या पारापाशी बँडपुढे नाचत होती. ताईबाई खरोखरच दारात उभी होती. "भाऊ, तुम्ही होतात तरी कुठं?" एवढंच ती म्हणाली. सुकदेव तिच्या पाया पडायला निघाला, तेवढ्यात कुणीतरी त्याला ओढून नवरीमागे उभं केलं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी तो धापा टाकत होता.

जेवणं झाल्यावर मांडवात बायका जमल्या आणि ताईबाईनं मायला विचारलं, "माय, एवढा उशीर कसा झाला?"

माय पदर सावरून म्हणाली, "एक व्हता मामा. त्यानाजोडे व्हतं एक बोलकं खोकं."

आणि ती थांबली.

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सुकदेव मागे पानदान घेऊन उभा होता. त्याला ते थांबणं कळलं. तो पुढे येऊन मायच्या समोर बसला आणि म्हणाला, "हं."

मग जे सुरू झालं ते काय सांगावं! शेळ्यांचा म्हातारा वेगळा, हिलाल वेगळा, जीपचा आवाजसुद्धा वेगळा. कुठं खरखर नाही, कुठं नाक ओढणं नाही. मामा मात्र होता त्यापेक्षा पुष्कळ मूर्ख झाला होता. चौकात तो फेट्यानं डोळे पुसत होता आणि राजकन्येला 'पोरी, घाबरू नको' म्हणत होता. मांडव हसून लोटपोट झाला. सुकदेवनं सगळा माल ऐकला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यात खोट काढली नाही. प्रत्येक वाक्याला तो 'हं' म्हणत राहिला. नानांची आठवण येऊन मधूनच त्याचा 'हं' उशिरा येत होता, पण माय थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघायच्या वेळी वऱ्हाडातल्या बायकांनी मायला गराडा घातला. ज्यांनी रात्री गोष्ट ऐकली नव्हती त्यांना ती ऐकायचीच होती. सुकदेवही म्हणाला, "सांग ना माय. मी हुंकार देतो."

मायनं त्याच्याकडे बघितलं, मग वर आलेल्या सूर्याकडे बघितलं.

"आते नही," ती म्हणाली. "दिवस शे. मामाले घर जानं शे, आनी वाटमा धुळं शे."