वाकडी डोकी, सरळ चष्मा

सलूनवाल्या अण्णांनी मास्तरांच्या कानाला फेस फासून वस्तरा उचलला, तसे मास्तर खुर्चीतून ताडकन उठले.

"अण्णा, कान आहे तो!"

"तरीच म्हटलं, आज दाढी एवढी मऊ कशी!"

ही बातमी अण्णांच्या आधी घरी पोचली. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, हाताला धरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर निघाला, तोही चांगला घसघशीत. पण चष्म्याच्या दुकानात फ्रेमची किंमत ऐकून अण्णांच्या डोळ्यांपुढे होती तेवढीही उजेडाची तिरीप राहिली नाही. शेवटी काकूंनीच ठरवलं, चष्मा ऑनलाइन मागवायचा.

मोबाइलसमोर तोंड धरलं की पडद्यावर फ्रेम आपोआप नाकावर बसायची. एका फ्रेममध्ये अण्णा घुबड दिसले, दुसरीत फरारी आरोपी.

"ही छान आहे," काकू म्हणाल्या. "आणि स्वस्तपण."

"छान आहे, की स्वस्त आहे म्हणून छान आहे?"

"गप्प बसा. आता दोन बुबुळांमधलं अंतर विचारतायत."

काकूंनी नाकावर पट्टी आडवी धरली. ती बघायला अण्णांची दोन्ही बुबुळं नाकाकडे धावली.

"अहो, पट्टीकडे नका बघू, समोर बघा!"

"समोर तू आहेस. हसू येतं."

अखेर भिंतीवरची पाल मदतीला आली. ती हलेना, म्हणून तिच्याकडे बघणारे अण्णाही हलेनात.

चष्मा आला आणि अण्णांना जग धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख दिसू लागलं. त्यांनी मास्तर, पोस्टमन आणि बेकरीवाला अशा तिघांचे केस कापले. असे सरळ, की स्वतःवरच खूश होऊन त्यांनी पुन्हा पुन्हा आरसा फिरवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी तिघेही सलूनवरून गेले. तिघांचीही डावी बाजू उंदराने कुरतडल्यासारखी! अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. डोकी वाकडीच. त्यांनी थेट कंपनीला फोन लावला.

"तुमच्या चष्म्यातून वाकडं दिसतं!"

"सर, समोरचं दार सरळ दिसतंय का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"दार सरळ. खुर्ची सरळ. फक्त डोकी वाकडी."

"सर, नुसत्या डोक्यांची तक्रार आमच्याकडे घेत नाहीत."

"तुझी पट्टीच चुकली," अण्णा काकूंवर उखडले.

"तुमची बुबुळं चुकली!"

चिडून अण्णा चष्मा परत पाठवायला खोक्यात भरत होते, तेवढ्यात मास्तर आत शिरले आणि ओशाळून म्हणाले, "नका पाठवू. दोष चष्म्याचा नाही, आमच्या हिचा आहे."

"वहिनींचा?"

"अहो, तुमच्याकडून आलं की डावी बाजू कायम लांब. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून इथे कुणी बोलायचं नाही. घरी बायका कात्री घेऊन तयारच असायच्या. कालही मी ओरडतोय, अगं सरळ आहे, सरळ आहे, तोवर हिने सवयीने डावी बाजू कापलीच. पोस्टमनकडे तेच, बेकरीवाल्याकडेही तेच."

अण्णांनी खोकं खाली ठेवलं. इतकी वर्षं आपण ज्या हाताच्या जोरावर मिशीला पीळ देत होतो, तो हात असा! ते म्हणाले, "मग सांगा ना वहिनींना, आता हात लावू नका म्हणून."

"सांगितलं. म्हणते, अण्णांना माझ्याइतकं जमणार आहे का!"

अण्णांनी खोक्यातला चष्मा काढून नाकावर चढवला. तेव्हापासून ते अगदी बारकाईने, नीट निरखून, प्रत्येकाची डावी बाजू थोडी लांब ठेवतात. गल्लीतल्या सगळ्यांचे केस आता कसे एकसारखे सरळ असतात, आणि ते कुणाच्या हातचे, यावर सगळ्या वहिन्यांचं एकमत आहे.