आयोवरचं नवं सरोवर

गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर यान पाठवायची लोर्ना हॅव्हलिकची योजना दोनदा नाकारली गेली होती. तिसऱ्या खेपेला परीक्षक तिच्या ट्यूसॉनच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा तिची निवृत्ती तोंडावर आली होती. आता नाही तर कधीच नाही, हे प्रयोगशाळेतल्या निवडुंगालाही कळून चुकलं होतं.

ज्वालामुखींनी डागाळलेला हा चंद्र हुबेहूब पिझ्झ्यासारखा दिसतो. म्हणून प्रयोगशाळेत दर शुक्रवारी पिझ्झा येई. आधी त्याचा फोटो निघे, डागांना नावं दिली जात, आणि मगच मंडळी तुटून पडत. या शुक्रवारचा फोटो तिचा सहकारी रामिरो किवीसनं गडबडीत सादरीकरणातच टाकला होता. लोर्नाला हे कळलं, तेव्हा तो फोटो भिंतभर पसरला होता.

"अगं बाई!" मुख्य परीक्षक मार्जोरी स्ट्राउड पुढे वाकल्या. "हा काळा गोल नवीन दिसतोय. काय आहे?"

ऑलिव्ह होतं. लोर्नानं रामिरोकडे पाहिलं. रामिरो छत न्याहाळत होता. खरं सांगावं तर लोक हसणार, आणि हसणारी माणसं यान देत नाहीत.

"लाव्हाचं सरोवर," ती म्हणाली. "बहुतेक."

"आणि कडेचा फुगवटा?"

"कवच. जरासं करपलेलं."

"किती स्वच्छ दिसतंय! कुठल्या यानानं टिपलं?"

"यान कसलं? आपल्या डोंगरावरच्या दुर्बिणीनं," रामिरो मदतीला धावला.

परीक्षक गेल्यावर लोर्ना कडाडली, "तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?"

"सरोवर तुम्ही खणलंत, बॉस. मी नुसता डोंगर पुरवला."

पुढच्या आठवड्यात स्ट्राउडबाईंचा फोन आला. "अभिनंदन, लोर्ना! इथूनच इतकं छान दिसतंय, तर यान कशाला हवं? पैसे वाचले!"

आता लपवून काही उपयोग नव्हता.

"मार्जोरी, तो पिझ्झा होता."

"मग दुर्बिणीतून खरं काय दिसतं?"

"पिवळट डाग. तोही थरथरणारा."

"बस्स? सरोवर वगैरे काहीच नाही?"

"नाही. त्यासाठी जवळ जावं लागतं. म्हणून तर यान मागतेय!"

"अहो," स्ट्राउडबाई वैतागल्या, "मग इथून काहीच दिसत नाही, हे त्या दिवशी दिवसभरात एकदा तरी बोलायचंत की!"