बाबाजींच्या चित्राला झेंडूची माळ

माणूस असा काढतो मी, की बघणाऱ्यानं चित्रालाच ‘चहा घेणार का?’ विचारावं! हे मी पेणमधल्या निम्म्या लोकांना सांगून झालंय. उरलेले निम्मे मी दिसलो की रस्ता बदलतात.

शाळेत मी गणित शिकवतो, पण रविवार उजाडला की घरात बसवत नाही. तळपायाला मुंग्या येतात. वही, कोळशाची कांडी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन रोह्याच्या गाडीत बसायचं आणि मनाला येईल त्या स्टेशनवर उतरायचं. अडचण एकच. माझ्या चित्रातला माणूस आजवर कुणीही ओळखलेला नव्हता. सासूबाईंचं चित्र काढलं तेव्हा श्यामला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "हे पोस्टमन कुठले?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या!

म्हणून त्या रविवारी कासूला उतरतानाच ठरवलं, आज एक तरी माणूस ओळखू येईल असा काढायचा. नाहीतर कोळसा चुलीत!

पहिल्याच घराच्या ओट्यावर बाबाजी सापडले. वय ऐंशी, आणि सुरकुत्या इतक्या, की कोळसा पुरेल का ही काळजी. तासभर बिचारे हलले नाहीत. चित्र झाल्यावर त्यांनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"कागूद मोटा हाय," म्हणाले.

एवढाच अभिप्राय! पण मग त्यांनी सुतळीनं चित्राचं माप घेतलं आणि "काचंची फ्रेम आनतो" म्हणत टेम्पोत बसून थेट पेणला गेले. मला अगदी भरून आलं.

त्यांच्या सूनबाई, कृष्णाबाई, यांनी चित्र ओट्यावरच पाटावर भिंतीला टेकवून ठेवलं. नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतंच, मग तो बैल असो की मिक्सर. त्यांनी चित्राला कुंकू लावलं, कालच्या पूजेतून उरलेली झेंडूची माळ घातली, पुढे उदबत्ती खोचली आणि धुणं घेऊन तळ्यावर निघून गेल्या. मी तरी कशाला बसून राहतोय! शेतात बगळे दिसले, तिकडे धावलो. बगळे या बांधावरून त्या बांधावर, त्यांच्यामागे मी. दोन तास कुठे गेले कळलं नाही.

परतलो तर ओट्यासमोर ही गर्दी! बायका पदर डोळ्यांना लावून रडतायत. शेजारच्या बायजाबाई तर चित्रासमोर बसून छाती पिटतायत. मंडळी, माझं चित्र बघून गाव रडत होतं! मी नम्रपणे पुढे झालो.

"रडू नका, मावशी. अजून सावल्या भरायच्यात."

बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखी वरचा सूर लावला. मागे खटखट चालली होती. हैबतराव नावाचे एक शेजारी कोयत्यानं बांबू तोडत होते.

"मांडव घालताय?" मी विचारलं.

"तिरडी!" ते ओरडले. "बाबाजी गेला, आन् तुमी मांडव इचारता?"

माळ, कुंकू, उदबत्ती! आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, ते जिवंत आहेत! हे चित्र मी काढलंय!"

"जित्या मानसाला हार कोन घालतं?"

"कृष्णाबाईंनी घातला!"

"सुनंनंच घातला ना? मंग?"

तेवढ्यात कृष्णाबाईच धुण्याची बादली घेऊन आल्या. म्हटलं, सुटलो! त्यांनी गर्दी पाहिली, तिरडी पाहिली, बादली सोडली आणि हंबरडा फोडला.

"सकाळी तं बरं व्हते गो! त्या टेम्पोनंच घात केला!"

आता मलाच शंका यायला लागली. खरंच वाटेत काही झालं असेल तर? पण खोटं कशाला बोलू, मनातून गुदगुल्याही होत होत्या. कुणी न सांगता अख्ख्या गावानं बाबाजींना ओळखलं होतं!

मग बातमी ऐकून दुसऱ्या गावाहून रिक्षानं बाबाजींची बहीण आली, विमलबाई. "दादा रं! माज्या हातचं वालाचं बिरडं खायाचं ऱ्हायलं रं!" म्हणत त्यांनी चित्रासमोर अंगच टाकलं.

आणि रस्त्यावर टेम्पो थांबला. काखेत फ्रेम घेऊन बाबाजी उतरले. तिरडीकडे बघून हळहळले.

"अरारा! कोन गेला?"

विमलबाई उठल्या. भावाला त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग चित्राकडे पाहिलं. पुन्हा भावाकडे. पुन्हा चित्राकडे.

"दादा तं हितं हाय," त्या म्हणाल्या. "मंग ह्यो कोन गेला?"

गाव चित्रावर वाकलं. हैबतरावांनी चष्मा चढवला.

"आपल्या गावचा नाय. पन नाक बायजेच्या मामासारकं वाटतंय."

"मामा रं!" बायजाबाईंनी नव्यानं सूर लावला. बाकीच्या बायकांनी पदर पुन्हा डोळ्यांना लावले.

बाबाजींनीही चित्राला हात जोडले. मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, माजं चित्र कुटं ठेवलंव? फ्रेम आनलीय."

परतीच्या गाडीला दीड तास होता. तेवढ्यात मी स्टेशनबाहेरचं चिंचेचं झाड काढलं. निदान झाडाचं सुतक तरी कुणाला लागत नाही!