दिवा निवल्याशिवाय उठायचं न्हाय

थांबा, जेवण नंतर! हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला घास उतरायचा नाही.

आमचे शेजारी अनंतकाका. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि तो फक्त प्रोजेक्टरला जोडलेला आहे. नागावात लाईट गेली की काकांचं अख्खं घर अंधारात, काका पुठ्ठ्याने वारा घेतायत, आणि कुंपणावरून आमच्या वाडीत आलेल्या वायरीवर प्रोजेक्टर मजेत चालू! मी म्हटलं, "काका, तुमच्या पंख्याला पण जोडा की." तर म्हणे, "मी तापलो तर वरडीन. दिवा तापला तर उडंल."

न्हावा शेव्याच्या बंदरातल्या नोकरीतून निघताना काकांनी तिथे भंगारात चाललेला हा प्रोजेक्टर मागून आणला. आमचं होमस्टे आहे, वाडीत जागा आहे. मॅच असली की माडांना चादर बांधायची, आळीतले लोक आणि पाहुणे खुर्च्या ओढून बसणार.

काकांच्या मते दिव्यांच्या जाती नात्यागोत्यासारख्या असतात. "हॅलोजन म्हंजे मेव्हणा. लगेच येतो, लगेच तापतो, लगेच जातो. हा आपला मर्क्युरीचा, हा जावई. उजळायला येळ, निवायला येळ, मान द्यावा लागतो. आन् एलईडी म्हंजे तुमचे टूरिस्ट. आला, चमकला, गेला."

जावयाचा मान म्हणजे काय विचारू नका! दर रविवारी जाळी काढून ब्रशने साफ. "खारा वारा हाय बाय, श्वास कोंडतो त्याचा." दिवा जास्त टिकावा म्हणून उजेड कायम मंद. आणि सगळ्यात कडक नियम: मॅच संपली तरी दिवा निववणारा आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, प्रोजेक्टर हलवायचा नाही, आणि कुणी उठायचं नाही. उठलात तर म्हणे वायरीत पाय अडकतो. एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने मदत म्हणून प्लगला हात घातला. काका असे ओरडले की तो बिचारा हात वर करून उभा! मग काकांनीच त्याला दोन ग्लास कोकम सरबत पाजलं.

हो, सरबत! पंखा घुंघुं करत असायचा तेवढ्यात काका घरून पातेलं आणायचे. सरबत, गप्पा, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं त्या पंख्याच्या आवाजात. काकू गेल्यापासून काकांच्या ओट्यावर कुणी फारसं जात नाही, पण तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दिवा मात्र म्हातारा होत गेला. बॉल दिसेना. आम्ही अंदाजाने अपील करायचो! शेवटी बाबांनी एलईडी प्रोजेक्टर आणला. काका एवढंच म्हणाले, "आना. माझा अजून चालतोय, पन आना."

नव्यावर पहिली मॅच. चित्र झकास, आपण जिंकलो, बाबांनी बटण दाबलं आणि सगळं गप्प, पंख्याची घुंघुं नाहीच. लोक उठले, खुर्च्या उचलल्या, "चला चला, जेवायचंय." बघता बघता वाडी रिकामी.

आणि कुंपणाच्या फटीतून काका येत होते. हातात भरलेलं पातेलं, वर ग्लासांची चळत.

"गेले व्हय सगले?" म्हणाले, आणि तसेच मागे वळले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी ठरवलं, बास. हे असं चालणार नाही!

आज मॅच होती. संपल्या संपल्या मी फाटकात आडवी उभी राहिले आणि ओरडले, "कोण उठायचं न्हाय! दिवा तापलाय!" चादरीमागे लपवलेला टेबलफॅन चालू केला. घुंघुंघुं!

बाबा म्हणाले, "अगं, एलईडीला कसलं..." आईने त्यांचा शर्ट खेचून त्यांना खाली बसवलं.

काका उठून आले. प्रोजेक्टरला हात लावला. गार. कान लावला. मग चादरीखालून दिसणारे फॅनचे पाय बघितले, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मेले आता.

काका लोकांकडे वळले. एकदम गंभीर.

"व्हय," म्हणाले. "लय तापलाय. बसा, आज येळ लागंल." आणि जवळजवळ पळतच पातेलं आणायला गेले.

लोक अजून बाहेर बसलेत, ऐकू येतायत मला. खरं सांगा, तुमच्या आळीत पण आहे का असं कुणी? आणि तुम्ही कधी, उठायची घाई असूनही, बसून राहिलात का?